सँटोरिनीची वाइन आणि आईचा तांब्या

आमच्या देव्हाऱ्यातला तांब्या एकदा ग्रीक बेटावरच्या व्हाइट वाइनने घासला गेलेला आहे. नुसता तांब्या नाही. ताम्हण, पळी, घंटा, निरांजन, सगळा संसारच. गणपती तेवढा चांदीचा असल्यामुळे बचावला. त्याला आई टूथपेस्टने घासायची.

या प्रकाराला मी एकटा जबाबदार आहे, असं आमच्या घरातल्या तिन्ही बायकांचं मत आहे. त्यातली एक तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची होती, पण आमच्याकडे माझ्याविरुद्ध मत द्यायला वयाची अट नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. आम्ही मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात घर घेऊन राहत होतो. मी, माधवी आणि आमची ऋचा. पुण्याहून आई सहा महिन्यांसाठी आली होती. आमच्या कुंपणापलीकडे स्टाव्रोस आणि इरिनी राहायचे. स्टाव्रोस सँटोरिनी बेटावरचा. तरुणपणी बोटीत बसून मेलबर्नला आला, तीस वर्षं कारखान्यात राबला आणि आता रिटायर होऊन टोमॅटो, लिंबं आणि माझं लॉन यांच्यावर लक्ष ठेवून असायचा. (पहिली दोन त्याने लावलेली होती. तिसऱ्याची त्याला लाज वाटायची.)

आईला इंग्रजीचे चार शब्द यायचे आणि इरिनीला सहा. त्यातले दोन समान होते. तरी कुंपणाशी दोघींच्या तासतास गप्पा चालत. एक मराठीत बोले, दुसरी ग्रीकमध्ये, आणि संध्याकाळी आई मला सांगे, "इरिनीच्या धाकट्या जावेचं आणि तिचं पटत नाही रे." मी आठ वर्षं शेजारी राहत होतो. इरिनीला जाऊ आहे हेच मला माहीत नव्हतं!

गप्पांबरोबर देवाणघेवाणही चालायची. इरिनी लिंबं द्यायची, ऑलिव्ह द्यायची आणि मुख्य म्हणजे स्टाव्रोसने घरी केलेलं व्हिनेगर द्यायची. हे व्हिनेगर कायम वाइनच्या जुन्या बाटलीत, लेबल खरवडून काढलेलं, वर बूच. आता आम्ही व्हिनेगर खाणार कशात? पण आईने एकदा त्यात मीठ टाकून तांब्यावर फिरवलं आणि तांब्या असा काही उजळला की त्यात तिला स्वतःचं कुंकू दिसलं. "चिंचेच्या तोंडात मारेल असं आहे हे," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून स्टाव्रोसचं व्हिनेगर आमच्याकडे देवाच्या भांड्यांसाठी राखीव झालं.

आणि शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आईचा नियम. त्यामुळे व्हिनेगरची बाटली जाताना तिच्यात कधी ताक जाई, कधी लिंबाचं सरबत. लिंबं इरिनीच्याच झाडाची. इरिनीही कुठे ऐकायला? ती पुन्हा बाटली भरून पाठवी. या हिशोबाने त्या बाटल्या कुंपणावरून जितक्या वेळा गेल्या-आल्या, तितक्या वेळा मी ऑफिसलासुद्धा गेलो नसेन.

अशातच एका गुरुवारी संध्याकाळी स्टाव्रोसने मला कुंपणाशी बोलावलं. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, तान्ह्या बाळासारखं धरलेलं. (त्याचं इंग्रजी मी इथे मराठीत देतोय. मूळचंही तितपतच तोडकं होतं.)

"मिलिंद, हे बघ. माझ्या भावाची वाइन. माझ्या बापाच्या मळ्यातली."

मग त्याने मला त्या मळ्याबद्दल सांगितलं. तिथे वारा इतका की वेल मांडवावर चढवतच नाहीत. जमिनीलगत गोल गोल वळवून त्याची टोपली विणतात आणि त्या टोपलीच्या आत द्राक्षं धरतात. माती म्हणजे ज्वालामुखीची राख. पाऊस जवळजवळ नाहीच, समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर वेल जगतो. लहानपणी टोपल्या विणायचं काम स्टाव्रोसकडे असायचं. भाऊ गेल्या वर्षी वारला, मळा हॉटेलवाल्याने घेतला. पुतण्याने ही एक बाटली पायजम्यात गुंडाळून विमानातून आणली होती.

"दुसरी नाही," स्टाव्रोस म्हणाला. "आता कधी होणारही नाही. रविवारी माझ्या पोरीची, डेस्पिनाची एंगेजमेंट. तेव्हा उघडणार. मुलाकडचे लोक अथेन्सचे आहेत. आम्हाला खेडवळ समजतात. एक घोट पिऊ देत, मग बघतो."

"मग मला का देतोस?"

"माझ्या फ्रिजमध्ये अख्खी मेंढी बसलीय. आणि घरात माझे चार मेहुणे उतरलेत, ते वास आला की फुलदाणीतलं पाणीही पितील. तुझ्या घरी कोणी पीत नाही. तुझं घर म्हणजे बँक!"

मी छाती फुगवून बाटली घेतली. वास्तविक तिथेच मी त्याला एक गोष्ट सांगायला हवी होती. ती अशी की माझ्या घरी कोणी पीत नाही हे खरं असलं, तरी मी चोरून शिकत होतो. ऑफिसातल्या ऑस्ट्रेलियन मित्रांपुढे अडाणी दिसू नये म्हणून मी दर मंगळवारी कम्युनिटी हॉलमध्ये वाइन चाखण्याच्या क्लासला जात होतो. सहा आठवडे. शेवटी सर्टिफिकेटसुद्धा! आईला सांगितलं होतं, कॉम्प्युटरचा क्लास आहे. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो, दोन देशांतल्या डिग्र्या होत्या, हाताखाली अकरा माणसं होती आणि आईला घाबरत होतो.

म्हणून ती बिनलेबलाची बाटली मी गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या दोन जुड्यांमागे दडवली.

"आईंना सांगून ठेव," माधवी म्हणाली.

"वेडी आहेस का? घरात दारू आहे म्हणून सांगू?"

"तुझी नाही, स्टाव्रोसची आहे म्हणून सांग."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. नो वरीज!"

दोन दिवस खरोखरच काही झालं नाही. रविवारी सकाळी आम्ही तिघं डेस्पिनासाठी प्रेझेंट आणायला मॉलमध्ये गेलो. आई घरीच थांबली. दोन दिवसांवर दसरा होता, तिला कामं होती. कामं कुठली, हे विचारण्याइतकी अक्कल मला असती तर हा लेख झाला नसता.

अकराला परत आलो तर देव्हारा लखलखत होता. आई पदर खोचून, हात पुसत समोर उभी.

"बघ, कशी निघालीत भांडी! पण या खेपेचं व्हिनेगर जरा मिळमिळीतच होतं हो. तीन-तीनदा घासावं लागलं."

"कुठलं व्हिनेगर?"

"ते गॅरेजात, कोथिंबिरीमागे ठेवलेलं. आणि बूच तरी किती घट्ट मारावं माणसाने! शेवटी त्यात स्क्रू पिळला, सांडशीने धरला आणि ओढला."

"आई... बाटली कुठाय?"

"दिली इरिनीला. चांगलं केशर-वेलदोडा घालून सरबत केलं, गाळून भरलं, बूच लाटण्याने ठोकून बसवलं. तिच्याकडे आज कार्य आहे ना? रिकामी कशी देणार?"

माधवीने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर बायको अशा वेळी काही बोलत नाही. तिला गरजच पडत नाही.

"Baba, you're so dead," ऋचा म्हणाली. तिला मात्र पडली.

मी धावत स्टाव्रोसकडे गेलो. खरं सांगायचं असं ठरवून गेलो होतो, शपथेवर सांगतो. पण दारातच त्याने मला मिठी मारली.

"आईच्या हातून पाठवलीस! माझ्या बापाची वाइन, तुझ्या आईच्या हातून! मिलिंद, हा मान मी विसरणार नाही." त्याचे डोळे पाणावले होते. मागे टेबलावर बर्फाच्या बादलीत ती बाटली उभी होती. इरिनीने तिच्या गळ्यात पांढरी रिबन बांधली होती. आता अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार की तुझ्या बापाच्या वाइनने आमची घंटा घासली? मी म्हणालो, "No worries, mate," आणि तसाच उलट पावली परतलो.

आता एकच मार्ग होता, अदलाबदल. मी गाडी काढून बॉटल शॉप, म्हणजे इथलं दारूचं दुकान गाठलं.

"सँटोरिनीची ड्राय व्हाइट आहे?"

"सँटो काय, मेट?"

शेवटी क्लासमध्ये शिकलेलं सगळं पणाला लावून मी त्यातल्या त्यात कोरडी, लिंबाच्या अंगाने जाणारी अशी इथलीच एक रीसलिंग नावाची व्हाइट वाइन निवडली. घरी येऊन ती थर्मासमध्ये ओतली. (उघड बाटली घेऊन पार्टीत कसा शिरणार?) बेत सोपा होता. गर्दीचा फायदा घेऊन बादलीतली बाटली उचलायची, बाथरूममध्ये सरबत ओतून टाकायचं, थर्मास उपडा करायचा, बूच ठोकायचं. लाटणंही घेतलं होतं, ब्लेझरच्या आतल्या खिशात.

दोन वाजता आम्ही चौघं पोचलो. अंगणात पन्नासेक माणसं, मेंढीचा धूर, मेहुण्यांचा आरडाओरडा. पण त्या बादलीशेजारी खुर्ची टाकून स्टाव्रोसची पंच्याऐंशी वर्षांची काळ्या कपड्यांतली मावशी बसली होती. एक हात काठीवर, एक हात बाटलीवर. मी तीन बाजूंनी जाऊन पाहिलं. चौथ्या वेळी तिने माझ्या थर्मासकडे बोट केलं.

"कॉफी?"

नाही म्हणायला मला सुचलं नाही. कपात थोडी ओतून दिली. तिने घोट घेतला, थांबली, माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि कप पुन्हा पुढे केला. अर्धा थर्मास तिथेच संपला. बाटलीवरचा हात काही निघाला नाही.

इतक्यात स्टाव्रोस बोलायला उभा राहिला. सगळे गप्प झाले. त्याने बापाच्या मळ्याबद्दल सांगितलं, विणलेल्या टोपल्यांबद्दल, वारलेल्या भावाबद्दल. मुलाचे वडील, अथेन्सचे बडे गृहस्थ, हाताची घडी घालून ऐकत होते. डेस्पिना रडत होती. मी बुचाकडे बघत होतो. त्यावर लाटण्याचा ठसठशीत वळ उमटला होता.

"आणि ही वाइन पहिल्यांदा चाखणार," स्टाव्रोस म्हणाला, "माझा मित्र मिलिंद! ज्याने ती जीवापाड जपली. आणि तुम्हाला माहितीये? तो शिकलेला आहे! सहा मंगळवार वाइनच्या क्लासला जाऊन आलाय. सर्टिफिकेट आहे त्याच्याकडे!"

(ही बातमी त्याला माधवीने दिली होती. का, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.)

टाळ्या पडल्या. आई माझ्या शेजारीच बसली होती. "काय म्हणतात रे?" तिने विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. पण आमची कन्या तत्पर.

"आजी, ते म्हणतात बाबाने वाइनचा क्लास केला. Every Tuesday."

"मंगळवारी तर कॉम्प्युटर होता," आई म्हणाली. हातातली बशी तिने खाली ठेवली.

स्टाव्रोसने बूच काढलं आणि माझ्या ग्लासात घोटभर ओतलं. मी पन्नास माणसांसमोर तो ग्लास क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे उजेडात धरला, हलवला, हुंगला आणि प्यालो. आईचं लिंबाचं सरबत. साखर बेताची, मीठ चिमूटभर, केशराला कंजुषी नाही.

इथे सरळ माणसाने कबुली दिली असती. मी काय केलं? मी डोळे मिटून म्हणालो, "लिंबू... हो, स्पष्ट लिंबू. मग समुद्राचा किंचित खारटपणा. आणि शेवटी, अगदी शेवटी, केशर. मुरलेली चीज आहे!"

"केशर?" अथेन्सकर म्हणाले. त्यांनी ग्लास पुढे केला, चाखला आणि ते स्टाव्रोसकडे बघायला लागले. मग स्टाव्रोसने स्वतःच्या ग्लासात ओतून घेतलं.

त्याने घोट घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडून पाहिलं असतं तर परवडलं असतं. बाजारात हात सुटलेल्या लहान मुलासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"मिलिंद," तो म्हणाला, "माझी वाइन कुठाय?"

मग मात्र माझं अवसान गळालं. मी सगळं सांगितलं. कोथिंबीर, आई, सांडशी, घंटा, थर्मास, सगळं. बोलता बोलता खिशातलं लाटणं खाली पडलं, त्याचंही स्पष्टीकरण दिलं. स्टाव्रोस हळूच खुर्चीत बसला. डेस्पिनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि पुढेही तशी वाटलेली नाही.

दुसरीकडे माधवी आईला हलक्या आवाजात मराठीत सांगत होती. आईचा चेहरा बदलत गेला. ती उठली आणि फाटकातून बाहेर पडली.

झालं, मी मनात म्हटलं. देवाची भांडी दारूने बाटली, मुलगा खोटारडा निघाला. आता बॅग भरणार, एअरपोर्टवर सोड म्हणणार. मी मागे जाणार तोच माधवी म्हणाली, "थांब. त्यांना जाऊ दे." तिचा हा सल्ला मी ऐकला. त्या आठवड्यात ऐकलेला तो पहिलाच.

पाच मिनिटांनी आई परत आली. एका हातात जॅमची बरणी, तीत अर्ध्यावर फिकट पिवळं काहीतरी. दुसऱ्या हातात देवाची लखलखीत पळी.

"सगळं एकदम संपवते की काय मी?" ती मला म्हणाली. "दिवाळीला पुन्हा भांडी घासायची आहेत. म्हणून काढून ठेवलं होतं, फ्रिजात, झाकण लावून. दे त्यांना."

मी बरणी स्टाव्रोससमोर धरली. त्याने झाकण उघडून नाक जवळ नेलं आणि डोळे मिटले. मग ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटला. इरिनीने तोंडाला रुमाल लावला. "त्याच्या भावाचं नाव," डेस्पिना मला म्हणाली.

"आई," मी चाचरत म्हणालो, "तुला राग नाही आला? देवाच्या भांड्यांना..."

"द्राक्षंच ना ती? देवाला द्राक्षं चालतात. अरे, मला नुसतं सांगितलं असतंस ना, स्टाव्रोसची ठेव आहे म्हणून, तर माझ्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवली असती. स्वतः जागता पहारा दिला असता." मग तिने बरणी आणि माणसं यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं. पन्नास माणसं, वाइन अर्धी बरणी. ग्लासात ओतली असती तर पाचजणांत आटोपली असती. पण तीर्थ वाटण्यात आईचा हात धरणारं कोणी नाही.

"ऋचा, सगळ्यांना रांगेत उभं कर. उजवा हात पुढे, डावा खाली."

"Everybody line up! Right hand on top!" आमची कन्या ओरडली.

पहिली आली ती मावशी. तिने हात पुढे केलाच नाही. दोन्ही हात छातीवर घेतले, डोळे मिटले आणि आ केला! मागून इरिनीनेही तेच. आई गोंधळली. मग डेस्पिनाने सांगितलं, त्यांच्या चर्चमध्ये वाइन अशीच देतात, चमच्याने, थेट तोंडात. मी ते आईला मराठीत सांगितलं.

"मग इतका वेळ काय सांगत बसलात? पद्धत तीच आहे की," आई म्हणाली आणि पळी पुढे झाली.

मावशी, इरिनी, डेस्पिना, नवरामुलगा, चारही मेहुणे, सगळे आ करून आईसमोर येत गेले. अथेन्सकर आधी जरा ताठ होते. एक पळी पोटात गेल्यावर त्यांनी स्टाव्रोसचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. काय बोलले ते मला कळलं नाही, पण स्टाव्रोस हसला. त्याची पाळी आली तेव्हा आईने त्याला दोन पळ्या दिल्या आणि म्हणाली, "भावाची एक, तुझी एक." कोणी भाषांतर केलं नाही. त्याला समजलं. त्याने वाकून आईच्या हाताचं चुंबन घेतलं आणि आई पार कानापर्यंत लाजली.

माधवीनेही घेतली. "कशी आहे?" मी हळूच विचारलं. ती म्हणाली, "दगडावर पाऊस पडल्यावर वास येतो ना, तशी." क्लासमध्ये सहा आठवड्यांत असं एक वाक्य मला जमलं नव्हतं.

रांगेत सगळ्यात शेवटी मी उभा होतो. घसा कोरडा, आ केलेला. आईने बरणीत डोकावून पाहिलं, पळी तळाशी फिरवली आणि बरणी माझ्यासमोर उपडी करून दाखवली.

"संपली," ती म्हणाली. "आणि तुला रे कशाला? तुझा तर कॉम्प्युटरचा क्लास झालाय."

त्या अंगणात वाइनचं सर्टिफिकेट असलेला मी एकटाच होतो. सँटोरिनीची ती शेवटची वाइन कशी लागत होती, असं आजही कोणी विचारलं, तर मी त्याला आमच्या देव्हाऱ्याकडे पाठवतो. तांब्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.